नदीचे साक्षीदार

वाईला घाटांचे गाव म्हणतात, तसेच ते कोशाचेही गाव आहे. मराठी विश्वकोशाचे काम येथूनच वाढले. नोंद करण्यापूर्वी खातरजमा करावी, हा धडा आम्ही अशा गावात शिकलो. मात्र तो पुरतेपणी उमगला कृष्णाकाठच्या चतुरांमुळे.

आपल्याकडे या कीटकांना दोनच नावे पुरतात. अंगाने भरलेला, पंख पसरून बसणारा तो चतुर; सुईसारखी बारीक, बहुधा पंख मिटून बसणारी ती टाचणी. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात, चतुराचे बहुतेकदा एकमेकांना भिडलेले. एवढे कोणालाही जमते. कठीण असते ते त्यापुढचे.

रंग फसवा असतो. 'ट्रायथेमिस ऑरोरा' या जातीचा प्रौढ नर गुलाबी, तर मादी पिवळसर तपकिरी. कोवळा नरही मादीसारखाच दिसतो. म्हणून छातीच्या बाजूचे पट्टे, पंखांच्या मुळाशी असलेला डाग, शिरांची जाळी आणि शेपटीच्या टोकाची उपांगे पाहावी लागतात. याच उपांगांनी नर मादीला पकडतो आणि बहुधा जातीची खूण तेथेच सापडते. त्यामुळे एका कीटकाची तीन छायाचित्रे घ्यावीत : वरून, बाजूने आणि शेपटीच्या टोकाचे जवळून. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. उडाला तरी घाई करू नये; पुष्कळ चतुर त्याच काडीवर परत येतात. मेणवलीच्या घाटासारख्या काळ्या दगडावर 'ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा' बसला, तर तो हलेपर्यंत दगडच वाटतो.

फ्रेझर नावाच्या लष्करी डॉक्टरने 1933 ते 1936 या काळात हिंदुस्थानातील चतुरांवर तीन खंड लिहिले, ते जमविलेल्या नमुन्यांच्या आधारे. आज कॅमेऱ्यामुळे जीव न घेता पुष्कळ काम होते. परंतु कॅमेरा सर्वच सांगत नाही. सातारा जिल्ह्यातील ठोसेघरच्या नावाने 2021 साली 'युफिया ठोसेघरेन्सिस' ही टाचणी जगाला ठाऊक झाली. त्यानंतर एक विद्यार्थी वाईच्या पश्चिमेकडील ओढ्यावर टिपलेले छायाचित्र घेऊन मोठ्या आशेने आमच्याकडे आला. छायाचित्र वरून घेतलेले, उपांगे दिसेनात. आम्ही वहीत लिहिले : 'युफिया, जात अनिश्चित.' मुलगा हिरमुसला, पण पुढच्याच आठवड्यात पुन्हा ओढ्यावर गेला.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे वाचक विचारतील. चतुराचे बालपण पाण्यात जाते. पाणी जसे असेल तशा जाती तेथे टिकतात. 'युफिया'ला वाहता ओढा लागतो. उलट 'ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा' हा नारिंगी चतुर सांडपाणी मिसळलेल्या संथ पाण्यावरही सुखाने नांदतो. म्हणजे प्रत्येक नोंद ही त्या पाण्याविषयीची जबानी असते. हौसेपोटी दुर्मिळ नाव लिहिले, तर मरणाऱ्या ओढ्यालाही आपण निरोगी ठरवून बसू. ती खोटी साक्ष होय, आणि तिची किंमत नदी मोजते.

म्हणून आमच्या वहीतील 'अनिश्चित' या शब्दाची आम्हांला लाज वाटत नाही. जे पाहिले तेवढेच सांगणे, हीच नदीची सेवा आहे.