विचारलेली गोष्ट

प्रेमकथांची आम्हांस आवड आहे, अशी कबुली चाळिशी उलटलेल्या वकिलाने देणे थोडे धाडसाचेच. पण द्यायचीच तर ती पुरती द्यावी. पहिल्या भेटीतच जीव ओवाळून टाकणारे नायक आम्हांस रुचत नाहीत. कोणी कोणाला काय विचारले आणि उत्तराची वाट किती पाहिली, हे जिथे सांगितले असेल तीच कथा आमची.

या आवडीचे मूळ आमच्या आदिलाबादेतच आहे. येथून पैनगंगा ओलांडली की विदर्भ. दमयंती तिथली आणि रुक्मिणीही तिथलीच. नळाचे रूप घेऊन बसलेल्या चौघा देवांच्या पापण्या लवत नाहीत, माळा सुकत नाहीत, एवढ्यावरून दमयंतीने खरा नळ ओळखला. ओळख पटविणारी इतकी चोख साक्ष आम्ही कोर्टातही क्वचितच ऐकली आहे. रुक्मिणीने तर भावाने ठरविलेला शिशुपाल नाकारून थेट कृष्णालाच पत्र धाडले.

ही कथा आम्हांस ऐकविली ती आमच्या आत्याने. नाथमहाराजांचे अठरा प्रसंगांचे 'रुक्मिणीस्वयंवर' ती घरातील उपवर मुलींसाठी वाचीत असे. मुली एकेक करून सासरी गेल्या. वाचणारी मात्र विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तिच्या पुनर्विवाहास कसलीच आडकाठी नव्हती. घरात कोणी नको म्हटले, असेही नाही. तो विषय कोणी काढलाच नाही. पुढे कायदा शिकलेल्या आम्हीही नाही.

मध्यंतरी मुलीच्या उशाशी 'मेझॉन इक्कोकू' नावाच्या जपानी चित्रकथेचे इंग्रजी भाषांतर सापडले. रुमिको ताकाहाशी या लेखिकेची ही कथा १९८० ते १९८७ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. पाने उजवीकडून उलटायची. घरातल्या निजामकालीन उर्दू दस्तांमुळे त्याचे आम्हांस नवल वाटले नाही. जप्तीच्या हेतूने उचललेल्या त्या पुस्तकाने आमचीच रात्र जप्त केली. क्योको ही तरुण विधवा एका जुनाट भाडोत्री घराची व्यवस्था पाहते. तिथल्या कुत्र्याला हाक मारतात तीही तिच्या दिवंगत पतीच्या नावाने. त्या घरात राहणारा गोदाई हा परीक्षेत आपटलेला विद्यार्थी. तो वर्षानुवर्षे चाचरत तिची वाट पाहतो. अखेर पतीच्या समाधीपुढे उभा राहून, त्या आठवणीसह तिला स्वीकारण्याचे वचन देतो.

दुसऱ्या दिवशी सांजवात झाल्यावर ही गोष्ट आम्ही आत्याला सांगितली. सत्तरी ओलांडलेली आत्या डोळे मिटून ऐकत होती. शेवटी तिने एवढेच विचारले,

"तिला विचारलं का रे त्यानं?"

"विचारलं. फार अडखळत, पण विचारलं."

"विचारलं ना? मग झालं," असे म्हणून तिने पोथीचे फडके पुन्हा एकदा नीट बांधले. आम्ही मात्र बराच वेळ तिथून उठू शकलो नाही.