सलगमाचे चित्र आणि एक बचावपटू : ग्रॅहम टेलर यांची कारकीर्द (थ्रेड)

१/ जून १९९२. युरोपीय स्पर्धेत स्वीडनने इंग्लंडला २-१ असे हरवले. दुसऱ्या दिवशी 'द सन'ने मथळा दिला : 'स्वीड्स २, टर्निप्स १'. इंग्रजीत 'स्वीड' म्हणजे स्वीडनचा नागरिक आणि एक कंदही. पुढे याच वृत्तपत्राने प्रशिक्षक ग्रॅहम टेलर यांचा चेहरा सलगमावर चिकटवला. अनेकांच्या स्मृतीत ते तेवढेच उरले.

२/ दैवदुर्विलास असा की, टेलर हे एका क्रीडा पत्रकाराचेच पुत्र. जन्म १९४४, वर्कसॉप. बालपण स्कन्थॉर्प या पोलादनगरीत गेले. वडील तेथील स्थानिक वृत्तपत्रात फुटबॉलवर लिहीत. मुलाने पुढील शिक्षण सोडून फुटबॉल हाच व्यवसाय पत्करला.

३/ खेळाडू म्हणून ते फुल-बॅक होते. आधी ग्रिम्सबी टाउन, मग १९६८ पासून लिंकन सिटी. दोन्ही क्लब खालच्या श्रेणीतले. इंग्लंडच्या संघात त्यांची कधी निवड झाली नाही, प्रथम श्रेणीत ते कधी खेळले नाहीत. कंबरेच्या सांध्याच्या दुखापतीने ही कारकीर्दही अकालीच संपवली.

४/ परंतु प्रशिक्षणाचे धडे त्यांनी खेळतानाच गिरवले होते. १९७२ मध्ये, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, लिंकनने संघाची सूत्रे त्यांच्या हाती दिली. कालपर्यंतच्या सहकाऱ्यांना आता त्यांनीच संघात घ्यायचे वा वगळायचे होते.

५/ १९७५-७६ च्या हंगामात लिंकनने चौथी श्रेणी जिंकली : ४६ सामन्यांत ३२ विजय, केवळ ४ पराभव, १११ गोल. विजयाला दोनच गुण मिळत असत त्या काळात ७४ गुण! आयुष्यभर गोल रोखणाऱ्या माणसाचा संघ गोलांचा वर्षाव करीत होता.

६/ १९७७ मध्ये वॉटफर्ड या चौथ्या श्रेणीतील क्लबच्या अध्यक्षांनी त्यांना पाचारण केले. हे अध्यक्ष म्हणजे जगप्रसिद्ध गायक एल्टन जॉन. लहानपणापासून ते याच क्लबचे चाहते. त्यांना वॉटफर्ड युरोपात खेळताना पाहायचा होता. ऐकणाऱ्यांना हे हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही.

७/ पुढे काय झाले? १९७८ मध्ये तिसरी श्रेणी, १९७९ मध्ये दुसरी, १९८२ मध्ये पहिली. आणि पहिल्या श्रेणीतील पहिल्याच हंगामात, १९८३ मध्ये, लिव्हरपूलच्या पाठोपाठ दुसरे स्थान! त्या शरद ऋतूत वॉटफर्ड खरोखरच युएफा चषकात खेळला. १९८४ मध्ये संघ एफए चषकाच्या अंतिम सामन्यातही पोहोचला. तेथे एव्हर्टनने २-० असे हरवले.

८/ चेंडू त्वरेने पुढे धाडणारी त्यांची शैली पंडितांना रांगडी वाटे. मात्र याच संघात ल्यूथर ब्लिसेट आणि जॉन बार्न्स घडले. इंग्लंडच्या मैदानांवर कृष्णवर्णीय खेळाडूंना उघड शिवीगाळ होई, तो हा काळ. डिसेंबर १९८२ मध्ये ब्लिसेट इंग्लंडसाठी गोल करणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. १९९३ मध्ये टेलर यांनीच पॉल इन्स यांना कर्णधार केले. इंग्लंडचे पहिले कृष्णवर्णीय कर्णधार.

९/ १९८७ मध्ये ते अ‍ॅस्टन व्हिलाकडे गेले. दुसऱ्या श्रेणीत घसरलेला तो संघ वर्षभरात वर आला आणि १९९० मध्ये लीगमध्ये दुसरा आला. मग इंग्लंडचे बोलावणे आले. येथे मात्र रोजचा सराव नव्हता, खेळाडू घडवायला वेळ नव्हता. जी माती त्यांना मानवत होती, ती पायाखालून गेली.

१०/ स्वीडनविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना त्यांनी गॅरी लिनेकर यांना बाहेर बोलावले. बॉबी चार्लटन यांच्या ४९ गोलांच्या विक्रमापासून एक गोल दूर असलेल्या लिनेकर यांचा तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. नोव्हेंबर १९९३ मध्ये सॅन मरिनोने इंग्लंडवर ८.३ सेकंदांत गोल केला. इंग्लंडने तो सामना ७-१ असा जिंकला, पण विश्वचषकाची दारे बंद झाली. टेलर यांनी राजीनामा दिला.

११/ कथा येथे संपत नाही. १९९६ मध्ये ते वॉटफर्डला परतले. १९९८ मध्ये तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद, आणि लगेच १९९९ मध्ये वेम्बलीवर बोल्टनला २-० असे नमवून प्रीमियर लीगमध्ये प्रवेश. ज्या देशाने त्यांची टर उडवली, त्याच देशाच्या राष्ट्रीय मैदानावर त्यांनी तो सामना जिंकला.

१२/ १२ जानेवारी २०१७ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी टेलर यांचे निधन झाले. आज वॉटफर्डच्या मैदानातील एक प्रेक्षागार त्यांच्या नावाने ओळखले जाते. बाहेर त्यांचा पुतळा आहे. राष्ट्रीय संघासोबतची त्यांची वर्षे जेमतेम साडेतीन. क्लबांसोबतची त्याच्या कित्येक पट.

१३/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. मथळा एका रात्रीत रचला जातो आणि तोच दीर्घकाळ टिकतो. लिंकनचे १११ गोल किंवा वॉटफर्डची पाच वर्षांतील चढण समजून घ्यायची, तर जुने गुणतक्ते उघडावे लागतात. ते उघडण्याची तसदी जो घेतो, त्यालाच सलगमामागचा माणूस दिसतो.