एका मापाच्या होड्या

कल्याणसमोरच्या कोन गावात, आमच्या आळीत तेव्हा घरटी एक होडी होती. अंगणात मोटारसायकली यायच्या आधीचे ते दिवस. समोर खाडी, पलीकडे दुर्गाडी किल्ला. 1657 साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीत आरमाराची जहाजं बांधायला घेतली, हे आम्हांला शाळेत जायच्या आधीच आजीकडून कळलेलं.

मोठी माणसं होडीतून मासे धरत, रेती काढत. डुबी मारणारा काका रोवलेल्या बांबूला धरून तळाशी जायचा. भरलेली बादली वर आली की मागोमाग त्याचं डोकं दिसायचं, आणि काठावर आम्ही पोरं श्वास सोडायचो.

सुट्टीच्या दिवशी मात्र लहान होड्या आमच्या. एकाच सुताराच्या हातच्या, जवळजवळ एकाच मापाच्या. त्यामुळे हरणाऱ्याला सबब नसायची. एकजण सुकाणूवर, एकजण शिडाच्या दामणीला, म्हणजे शीड ताणायच्या दोरीला, आणि पाणी उपसायला घरातलं शेंडेफळ. शीड आईने शिवलेल्या मांजरपाटाचं. त्याची शिवण कुणाच्या घरची, हे लांबूनही ओळखू यायचं.

बाबा काठावरून एवढंच ओरडायचे, "वारा नको शोधू, पानी बघ!" झुळूक पोचण्याआधी पाण्यावर काळसर सुरकुती धावत येते. ती हेरून दामण जरा ढिली सोडली की होडी कलंडत नाही, उसळून पळते. पाणी सोबतीला असेल तर मधली धार धरायची, विरुद्ध असेल तर तिवरांच्या कडेकडेने जायचं. आमच्या ताईला हे सगळं न सांगता कळायचं. तिच्यासारखं सुकाणू आळीत कुणी धरलं नाही. लग्नानंतर ती पाण्यावर गेली नाही, याची हळहळ आम्हां भावंडांना आजही आहे.

1982 साली दिल्लीच्या एशियाडमधल्या शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. त्या स्पर्धेत एंटरप्राइज नौकाही होत्या. जॅक होल्ट यांनी 1956 साली आखलेली ही निळ्या शिडाची, दोघांची नौका. हौशी माणसाला प्लायवूड आणून घरीच बांधता येईल अशी. सगळ्यांचा आराखडा एक, म्हणजे जिंकायचं ते हाताच्या कसबावर. आमच्या आळीचा कायदा एवढ्या मोठ्या स्पर्धेत चालतो, याचा केवढा अभिमान वाटला होता!

पुढे रस्त्याकडेला गोदामं झाली, पाणी काळं पडलं, पोरं नोकरीला लागली. होड्या काठावर उन्हात फाटल्या. फळ्या चुलीत गेल्या.

खाडीचा हा पट्टा 2016 पासून राष्ट्रीय जलमार्ग 53 मध्ये आहे. प्रवासी बोटींसाठी धक्के बांधाल तेव्हा त्यांच्या शेजारी दहा-बारा ऑप्टिमिस्ट नौकांपुरती जागा ठेवा. जेमतेम 2.3 मीटर लांबीची ही नौका जगभर पंधरा वर्षांपर्यंतची मुलं एकेकटी चालवतात. त्याआधी पाणी स्वच्छ करावं लागेल, तेही करा. दामण कधी सोडायची हे सांगणारी माणसं अजून कोनमध्ये आहेत. ती आहेत तोवर त्यांना बोलवा.