सूर्यमाळचे तांब्याभर पाणी

प्रायश्चित्तकाळातील एका शनिवारी आम्ही वसईहून सूर्यमाळला गेलो. मोखाडा तालुक्यातील हे उंच पठार. पावसाळ्यात येथे ढग अंगणात उतरतात; आम्ही पोहोचलो तेव्हा मात्र माळ करपून गेला होता. पाड्यापासून दूर, उताराखालच्या विहिरीत एक माउली उतरली होती. तळाशी झिरपणारे पाणी ती वाटीवाटीने हंड्यात भरीत होती. आमची तहान ओळखून तिने न मागताच तांब्या पुढे केला. तो घेताना आम्हांला संकोच वाटला.

या डोंगरात पावसाचे दुर्भिक्ष नाही. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथे कोसळतो. परंतु काळा कातळ, मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार यांमुळे तो ठरत नाही. ओहोळांवाटे नदीला मिळतो. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ पासून आणि मध्य वैतरणा २०१४ पासून मुंबईची तहान भागवितात. सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी आम्हां वसई-विरारकरांच्या नळाला येते. ज्या डोंगरांवरचे पाणी आपण पितो, तेथील आयाबहिणी चैत्रात टँकरची वाट पाहतात.

वसईला पाण्याची वाण नव्हती. बावखळे भरलेली असत, रहाटावर बागा पिकत. पुढे इमारती वाढल्या आणि त्याच विहिरींना टँकर लागले. आमच्या घरच्या विहिरीवरही काही काळ टँकर उभा राहिला; पैसे आम्हीच मोजून घेतले. हळूहळू पाणी मचूळ झाले, केळीची पाने पिवळी पडली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी जनतेला जागे केले, तेव्हा आम्हीही सभांना गेलो. विकलेले पाणी मात्र परतले नाही.

शासनाने १९९३ साली कायदा करून पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले. पुढे २००९ चा अधिक व्यापक भूजल कायदा आला. कायदे हवेतच, परंतु आपल्या आवारातील पाणी शेजाऱ्याच्याही झऱ्याचे आहे, हे मनाने स्वीकारल्यावाचून ते कागदावरच राहतात. स्वच्छ पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले आहे.

प्रभू येशूने विहिरीकाठी शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले होते. सूर्यमाळच्या माउलीने ते आम्हांला न मागता दिले. तिच्या पाड्यावर बंधारे व्हावेत, झरे राखले जावेत, धरणातील पाण्यावर तिचा हक्क आधी मानला जावा, ही मागणी आपल्या धर्मग्रामांतूनही उठावयास हवी. आणि येत्या पावसाआधी घराच्या पागोळ्यांचे पाणी त्याच जुन्या विहिरीत सोडण्याचे आम्ही ठरविले आहे. एवढी फेड तरी आमच्या हाती आहे.