तूस, पाणी, पावडर

3 ऑगस्ट
पहाटे चारला गाडी. 3000 पिल्लं, वजनाला 40-42 ग्रॅम. पाऊस थांबत नाही, ब्रूडर दुपारीही चालू. विहिरीचं पाणी गढूळ. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वाढवलं.

4 ऑगस्ट
वीस पिल्लं उचलून गळ्याखालची पोटळी चाचपली. अठरांची भरलेली, मऊ. दोन रिकामी. त्यांच्या चोची पाण्यात बुडवून सोडली.

5 ऑगस्ट
डॉक्टर आले. म्हणाले, "पहिल्या आठवड्यात जे जंतू आतड्यात वस्तीला येतात, तेच घर धरतात." या लॉटला अँटिबायोटिक नाही. पाण्यातून प्रोबायोटिक, खाद्यात ब्युटिरेट. कोलिस्टिन तर 2019 पासून बंदच.
तात्यांना पटत नाही. "ताकपाण्यावर कोंबड्या जगतात होय?"
ब्युटिरेटला खवट तुपाचा वास. हात तीनदा धुतले. तरी हिनं ताट ओसरीवर आणून ठेवलं.

9 ऑगस्ट
लासोटा लस. डोळ्यात एकेक थेंब. पाठ गेली.

10 ऑगस्ट
सरासरी 158 ग्रॅम. मागचा लॉट 180. वजनकाटा बदलून पाहिला. 158च.

11 ऑगस्ट
विष्ठा पातळ, फेसाळ. निपलखालच्या तुसाचे गोळे होतायत. तात्या काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं.

12 ऑगस्ट
एक मेलेलं उघडलं. आतडं पातळ, फुगलेलं, आत न पचलेला मका. शेपटीजवळची बर्सा मात्र ठीक, वाटाण्याएवढी. पोरीला सांगितलं, तुझ्या पुस्तकातल्या बी पेशींचा 'बी' हाच. ती म्हणाली, "पण आपल्याला बर्सा नसतेच की!" हुशार आहे.
रात्री डॉक्टरांचा फोन. "टाकीत टीसीएल टाकता का?"
टाकतो ना. रोज संध्याकाळी. सकाळी त्याच टाकीत प्रोबायोटिक.
सात दिवस मेलेले जंतू पाजले. घरात कुणाला सांगितलं नाही.

13 ऑगस्ट
वेगळा ड्रम आणला. प्रोबायोटिकसाठी साधं उकळून गार केलेलं पाणी. चूल दिवसभर.

15 ऑगस्ट
झेंडावंदन चुकलं. ओला तूस काढला, नवा पसरला. दोन निपल गळत होते.

17 ऑगस्ट
गंबोरोची लस. पाण्यात आधी दूधपावडर घातली. तात्यांनी विचारलं, दूध कशाला?
"क्लोरीन मारायला."
"म्हणजे तुला ठाऊक होतं."
लस ढवळत राहिलो.

20 ऑगस्ट
तूस मुठीत दाबून सोडला. भुरभुरला. विष्ठा घट्ट, वर पांढरी टोपी. चार वेळा वाकून पाहिली.

24 ऑगस्ट
790 ग्रॅम. मागच्यापेक्षा कमीच, पण दरी वाढली नाही. मर थांबली.
ड्रमच्या झाकणावर कुणीतरी खडूनं लिहिलंय, 'टीसीएल नाही'. 'टी'ची वेलांटी उलटी. तात्यांचं अक्षर.