मोटारीचें स्नान

माझ्या भाच्यानें नोकरी सोडून लोकांच्या दारीं जाऊन मोटारी धुण्याचा धंदा काढावयाचें ठरविलें, तेव्हां त्याला परावृत्त करण्याची कामगिरी ताईनें माझ्यावर सोपविली. मीं म्हटलें, "आधीं माझी गाडी धू, मग बोलूं."

रविवारीं तो आला तो दोन बादल्या घेऊन. एकींत साबणाचें पाणी, दुसरींत निव्वळ पाणी. मळलेलें फडकें दुसरींत हिसळल्याविना पहिलींत बुडवावयाचें नाहीं! गाडी त्यानें सावलींत घ्यावयास लावली. उन्हांत पाणी वाळलें कीं बोअरच्या क्षारांचे डाग रंगावर बसतात. मीं पुढें केलेला भांड्यांचा साबण त्यानें नम्रपणें परत केला, कारण तो मेणाचा थर उतरवितो. (तो साबण बाहेर नेल्याबद्दल स्वयंपाकघरांतून जें ऐकावें लागलें, तें निराळेंच.)

तेवढ्यांत फडकें जमिनीवर पडलें. मीं तें झटकून दिलें. त्यानें तें बाजूस टाकून नवें घेतलें.

"मामा, वाळूचा एक कण पुरतो. बाबांच्या गाडीवर मीं तसाच ओरखडा काढला आहे. रंगावरचा पारदर्शक थर कागदाहून पातळ असतो."

माझ्या उपदेशापैकीं एवढेंच उरलें : दर गाडीच्या आकारावर नव्हे, तासांवर ठरव, आणि कोथरूडहून हडपसरला जाण्यांत गेलेला तासहि त्यांत धर. त्यानें तें वहींत टिपून घेतलें.

सायंकाळीं ताईचा फोन आला. "समजावलेंस ना रे त्याला?"

"पुढच्या महिन्यांत पुन्हां बोलावलें आहे," मीं म्हणालों.