म्हातारीचे दुःख

‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो,’ असे कोणीतरी म्हणाले, चार माना डोलल्या, अर्जावर नामंजुरीचा शेरा पडला आणि पुढची मिसल पुकारली गेली. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, कचेरीत लागल्यापासून तर ती प्रसंगोपात्त स्वतःही वापरीत आलो आहे, आणि दरवेळी माझे सारे लक्ष तिच्यातल्या काळाकडेच गेलेले आहे. म्हातारीचे दुःख नाही असे इतक्या सहजपणे म्हणून जाणारा तो मूळचा वक्ता कोण असावा, हा विचार मात्र त्या दिवसापर्यंत माझ्या मनाला शिवला नव्हता. तो तिचा मुलगा असेल, तर अंगणात तिरडी बांधली जात असताना त्याला पायंड्याची चिंता सुचली तरी कशी? शेजारी असेल, तर त्याच्याही घरात एखादी म्हातारी खाटेवर पडून असली पाहिजे, आणि त्याचे खरे भय तिच्याविषयीचे असले पाहिजे. गावचा पाटील असेल, तर एका मृत्यूपलीकडे साऱ्या गावाकडे पाहणे हा त्याचा धर्मच होता. असेही म्हणता येईल की त्याला दुःख झालेच होते, परंतु ते उघड करणे त्याच्या पदाला शोभणारे नव्हते, म्हणून ते गिळून त्याने उरलेल्यांची काळजी वाहिली. या अन्वयार्थाने मला दोन-तीन दिवस समाधान दिले. नंतर ते समाधानही गेले.

वाशीम जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत, निराधारांच्या योजनांचे दफ्तर सांभाळणाऱ्या शाखेत मी कारकुनी करतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून चालत आलेली. तिच्या जोडीला पासष्टी गाठलेल्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. आणि दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना केंद्राच्या निवृत्तिवेतनाचे 200 रुपये, ऐंशी वर्षे पूर्ण झाली म्हणजे 500. राज्याची भर धरून ही रक्कम 2023 साली दरमहा 1,500 रुपये झाली. अर्जासोबत वयाचा पुरावा हवा, महाराष्ट्रात किमान 15 वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला हवा, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचे तहसीलदारांचे प्रमाणपत्र हवे. एकवीस हजार म्हणजे दिवसाला 58 रुपयेही नव्हेत, आणि तेही एका माणसाचे नव्हे, साऱ्या घराचे. ज्या साली सोयाबीन बरे उतरते त्या साली दोन एकरांचा धनीही या रेषेपलीकडे जातो आणि त्याच्या पडवीत बसलेली त्याची आई, जिच्या हाती त्या सोयाबीनचा एक पैसाही पडलेला नसतो, ती कागदोपत्री सधन ठरते. मानोऱ्याकडच्या तांड्यांतून घरची तरणी माणसे ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला गेलेली असतात. शिधापत्रिकेवर मात्र ती नांदत असतात, आणि त्यांच्या नावांच्या सोबतीने म्हातारी एकटी राहत असते.

आता जो काळ सोकावेल म्हणून आम्ही भितो, तो खोटा आहे असे मला मुळीच म्हणता येत नाही. रेषेच्या थोडी पलीकडची एक म्हातारी आत घेतली, तर तिच्याहून थोडी पलीकडची दुसरी कोणत्या तोंडाने परत पाठवावी? आणि असे पाऊलपाऊल पुढे सरकत गेले म्हणजे अखेरीस त्या दारातून आत येतो तो वाड्याचा मालक, ज्याला दाखला कसा मिळवावा हे उत्तम अवगत असते. मयताच्या नावावर अनुदान उचलले जाऊ नये म्हणून वर्षातून एकदा हयातीचा दाखला मागितला जातो, त्यामागेही हीच भीती असते, आणि तीही निराधार नसते. माझ्या हातातल्या खतावणीला जो काही विश्वास प्राप्त झाला आहे तो अपवाद न करण्याच्या कठोरतेतूनच झालेला आहे, हे मी जाणतो. तरी त्या कठोरतेचे मोल नेहमी म्हातारीनेच का भरावे, हे मला कळत नाही.

येथे मला वाशीमच्याच एका जुन्या दस्तऐवजाची आठवण होते. हे नगर वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म या नावाने राजधानी होते, आणि दुसऱ्या विंध्यशक्तीने येथून दिलेला ताम्रपट 1939 साली वाशीमलाच उजेडात आला. अर्धा संस्कृत, अर्धा प्राकृत असा तो लेख अथर्ववेदी ब्राह्मणांना दिलेल्या एका गावाचा आहे. अशा दानपत्रांत दान चंद्रसूर्य असेपर्यंतचे असते, आणि त्यांच्या अखेरीस जो धाक घातलेला असतो तो पुढे येणाऱ्या राजांना आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना असतो: हे दान मोडाल तर पातकाचे धनी व्हाल. म्हणजे सोकावणारा काळ त्या लेखकाच्या मते राजसत्तेच्या बाजूला उभा होता आणि घेणारा निःशंक होता; आमच्या मिसलीत घेणाऱ्यानेच दरसाल आपल्या खरेपणाची ग्वाही द्यायची असते. ते दान विद्वानांना होते, निराधारांना नव्हते, आणि त्या गावातल्या म्हाताऱ्यांना कोणी काय दिले हे ताम्रपटाला ठाऊक नाही, तेव्हा ही तुलना फार ताणू नये हे मला समजते. पण संशय कोणावर ठेवावा याची निवड करता येते, एवढे तरी त्या पत्र्यांवरून दिसते.

आणि श्रावणबाळ! या नावाखाली रोज सही करीत असूनही त्या कथेकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. योजनेचे नाव ठेवणाऱ्याच्या मनात मातृपितृभक्त मुलगा असणार. जेथे मुलगा नाही तेथे शासनाने मुलगा व्हावे, हा त्यातला उदात्त संकल्प. परंतु कथेत त्या आंधळ्या जोडप्यापर्यंत पाणी घेऊन जो पोहोचतो तो श्रावण नसतो, राजा असतो. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात त्या मुलाचे नावही येत नाही; दशरथ आपल्या मृत्यूच्या रात्री कौसल्येला ती जुनी हकीकत सांगतो. शरयूच्या काठी अंधारात घट भरल्याचा आवाज झाला, तो हत्तीचा समजून राजाने नेम धरला. शब्दवेधाची विद्या म्हणजे न पाहता अचूक मारणे. आणि बाण अचूकच लागला, चुकली ती ओळख. मला वाटते आम्हीही दाखल्यांच्या आवाजावर नेम धरतो. आकडा ऐकू येतो, माणूस दिसत नाही, आणि नियमाच्या दृष्टीने नेम क्वचितच चुकतो. पण माझे मन खरे अडते ते पुढच्या प्रसंगापाशी. राजाने तो घट दूतामार्फत पाठवला असता तरी त्याला कोणी अडवणारे नव्हते; तो स्वतः उचलून त्या आश्रमात गेला, पावलांचा आवाज मुलाचाच समजून बाप त्याच्याशी बोलू लागला, आणि राजाने, मी तुझा मुलगा नाही, असे सांगून घडलेले सारे कथन केले. शाप तर मिळालाच. म्हणजे जाण्याने त्याचे काही वाचले नाही, त्या दोघांचेही काही वाचले नाही. मग तो गेला हे बरे झाले असे मला इतक्या ठामपणे का वाटते?

कदाचित एका आजीच्या बोलण्यामुळे वाटत असेल. ती बऱ्याच दिवसांपासून खेटे घालीत होती आणि तिचे प्रकरण त्रुटीपूर्ततेसाठी तलाठ्याकडे गेले आहे एवढेच उत्तर तिला मिळत होते. एके दिवशी ती म्हणाली, “नाई म्हना बाबू, चालते. पन एकडाव घरी येऊन म्हना.” कचेरीतल्या नकाराला ती नकारच मानायला तयार नव्हती. तिची झोपडी, तिची चूल, कोपऱ्यातले जोंधळ्याचे मडके हे सारे पाहून जर कोणी नाही म्हणाला असता, तर ते तिला पटले असते की नाही कोण जाणे, पण तिच्या लेखी ते न्यायाचे झाले असते.

चौकशीला गावी जाण्याचे काम नियमाने तलाठ्याचे. मी जावे असे कोठे लिहिलेले नाही, जाऊ नये असेही नाही. एका घरी गेलो तर शेकडो घरांना मी का गेलो नाही याचे उत्तर द्यावे लागेल, आणि ते माझ्याजवळ नाही. शिवाय पाहिल्याने मी अधिक न्यायी होईन की केवळ अधिक हळवा, आणि ज्या म्हातारीला आपली झोपडी दाखवता येत नाही, बोलता येत नाही, तिच्यावर माझ्या हळवेपणाने अन्यायच होणार नाही ना, हेही मला सांगता येत नाही. आजीचा अर्ज तलाठ्याच्या अहवालासह परत आला आहे. उत्पन्न रेषेच्या वर आहे, फार वर नाही. पुढच्या बैठकीची टिपणी मला लिहायची आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात आकड्याखेरीज आणखी काही लिहिण्याचा मला अधिकार आहे काय, हे मी अजून कोणाला विचारलेले नाही.